न्गांबा बेटावरचे वाचवलेले चिंपांझी: पाच दिवस, क्रॉप सेन्सर, ७०-३०० लेन्स. जमेल का?

वाघूर (जळगाव)

राम राम मंडळी. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात युगांडाला जायचं ठरतंय. प्रवास धरून पाच दिवस. मुख्य हेतू एकच: व्हिक्टोरिया सरोवरातल्या न्गांबा बेटावरच्या चिंपांझींचे नीट फोटो. आम्ही तिघे: मी, बायको आणि वडील (वय ६३, प्रकृती ठणठणीत, रक्तदाबाची एक गोळी).

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), लेन्स १८-५५ आणि ७०-३०० मिमी (३०० ला जास्तीत जास्त उघडं छिद्र एफ ५.६). प्रश्न असे:

१. सकाळी जाऊन दुपारी परत यावं की बेटावर मुक्काम करावा?
२. ७०-३०० पुरेल की १५०-६०० भाड्याने घ्यावी? विमानात वजनाचाही विचार आहे.
३. काळं अंग, काळा चेहरा, वर झाडांची सावली. एक्स्पोजर कसं धरायचं? शिवाय मध्ये विजेची तार असते म्हणतात.
४. पिवळ्या तापाची लस जळगावात मिळेल का? वडिलांना चालेल का?
५. एका जाहिरातीत पिल्लू कडेवर घेतलेल्या पर्यटकांचे फोटो आहेत. न्गांबाला तसं करू देतात का?

तापीकाठ (भुसावळ)

वाघूर भाऊ, पाचव्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण जागा खरी की खोटी हे त्यावरच कळतं. न्गांबाला पाहुण्यांना चिंपांझीला हात लावू देत नाहीत. जिथे पैसे घेऊन पिल्लू कडेवर देतात, तिथे ते पिल्लू आलं कुठून हा पहिला प्रश्न विचारा. चिंपांझीचं पोर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत आईला सोडत नाही. ते माणसाच्या हातात आलं म्हणजे बहुतेक वेळा आई मारली गेली आहे, आणि तिला वाचवायला धावलेले टोळीतले आणखी काही जणही.

आपल्याकडे 'सँक्चुअरी' म्हटलं की यावल किंवा गौताळा डोळ्यांपुढे येतो. न्गांबा तसं नाही. ते अनाथालयाच्या जवळचं आहे. मांसासाठी मारलेल्या माद्यांची पोरं, पाळीव म्हणून विकायला निघालेली, सीमेवर पकडलेली, अशांना ठेवायला १९९८ मध्ये ते उभं राहिलं. बेट साधारण १०० एकरांचं. त्यातलं सुमारे ९५ एकर जंगल चिंपांझींचं आणि एका टोकाचा तुकडा माणसांचा, मध्ये विजेचं कुंपण. राहणारे चिंपांझी पन्नासच्या आसपास. चिंपांझीला पोहता येत नाही, म्हणून बाकीच्या बाजूंना पाणीच कुंपणाचं काम करतं. माद्यांना गर्भनिरोधक देतात, कारण जागा वाचवलेल्यांसाठी राखायची आहे, वाढवायला नाही. चिंपांझी बंदिवासात पन्नाशी गाठू शकतो. आज आणलेलं पोर म्हणजे पुढच्या कित्येक दशकांचा खर्च.

हा व्यापार आपल्यापासून लांब नाही. २०१९ मध्ये कोलकात्यातल्या तस्करीच्या प्रकरणात ईडीने तीन चिंपांझी आणि चार मार्मोसेट माकडं जप्त केली होती.

जागा तपासायची सोपी कसोटी अशी. ती २००० साली स्थापन झालेल्या 'पॅन आफ्रिकन सँक्चुअरी अलायन्स'ची सदस्य आहे का? पाहुण्यांना स्पर्श बंद आहे का? मुद्दाम पैदास होत नाही ना? तिन्ही उत्तरं नीट आली तरच पैसे भरा. न्गांबा त्यात बसतं, केनियातलं स्वीटवॉटर्सही बसतं.

आता वेळ. एंटेबीहून (युगांडाचा आंतरराष्ट्रीय विमानतळ इथेच) बेट २३ किलोमीटर. स्पीडबोटीने पाऊण ते एक तास, मोटर लावलेल्या लाकडी होडीने दीड तासाच्या पुढे. पाहुण्यांसमोर खाऊ घालण्याच्या वेळा सकाळी ११ आणि दुपारी २:३०. एका फेरीत एकच वेळ मिळते. एरवी चिंपांझी जंगलात असतात आणि पाहुण्यांच्या चौथऱ्यावरून झाडांखेरीज काही दिसत नाही. म्हणजे दिवसाची सहल केली तर फोटोचा खरा वेळ तासाभराचा, त्यातही पहिली दहा-पंधरा मिनिटं महत्त्वाची. मुक्काम केलात तर पहिल्या दिवशीचा अडीचचा, संध्याकाळी निवाऱ्यात परतण्याचा आणि दुसऱ्या दिवशीचा अकराचा, असे तीन वेळा हाती लागतात. पहिल्या वेळी चूक काय झाली ते रात्री पडद्यावर बघून दुसऱ्या दिवशी सुधारता येतं. मी मुक्कामाच्याच बाजूने सांगेन. तंबू मोजके आहेत, त्यामुळे नोंदणी आधी, विमानाचं तिकीट नंतर.

पाच दिवस असे लावा. पहिला दिवस मुंबई ते एंटेबी. मुंबईहून थेट विमान २०२३ मध्ये सुरू झालं, पण ते रोज नसतं, म्हणून वार बघून बाकीचं जुळवा. दुसरा दिवस एंटेबीचं बोटॅनिकल गार्डन. ही बाग १८९८ ची आहे आणि तिथे काळी-पांढरी कोलोबस माकडं झाडांवर मोकळी असतात. तिसऱ्या दिवशी दुपारच्या बोटीने बेट. चौथ्या दिवशी अकराचं खाणं आटपून परत. पाचवा दिवस परतीचा, आणि विमान रात्रीचं असेल तर पहाटे मबांबा दलदलीत शूबिल (बुटासारख्या चोचीचा मोठा पक्षी) बघायला होडीने जाता येतं.

बोट वाऱ्यामुळे रद्द झाली तर हात हलवत परतू नका. एंटेबीतच युगांडा वाइल्डलाइफ एज्युकेशन सेंटरमध्ये वाचवलेल्या चिंपांझींचा छोटा गट आहे, पाण्याने वेढलेल्या बेटावर. तिथे मध्ये तारेऐवजी पाणी असल्यामुळे उलट फोटो स्वच्छ येतो.

पांझरा (धुळे)

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, ते सगळ्यात आधी उरकायचं काम आहे.

पिवळ्या तापाची लस साध्या दवाखान्यात मिळत नाही. ती केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रांवरच टोचतात आणि आपल्याकडून जायला सरळ पडतं ते मुंबई. एका कुपीत अनेक डोस असतात आणि पातळ केलेली कुपी काही तासांत संपवावी लागते. म्हणून केंद्रं ठरावीक वार ठेवतात आणि आधी नाव नोंदवायला लावतात. न विचारता गाडी पकडली तर फेरी फुकट जाते. मूळ पासपोर्ट सोबत लागतो, कारण पिवळ्या कार्डावर (लसीच्या प्रमाणपत्रावर) त्याचा नंबर चढतो. पासपोर्ट नूतनीकरणाला टाकायचा असेल तर तो आधी, लस नंतर.

टोचल्यापासून दहाव्या दिवसानंतरच कार्ड वैध धरतात. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. कार्ड नसेल तर युगांडात अडवतात ते वेगळंच, पण खरी अडचण परत येताना होते. पिवळ्या तापाच्या देशातून कार्डाशिवाय आलेल्या माणसाला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. भारतात हा आजार नाही पण तो पसरवणारा एडिस डास गल्लोगल्ली आहे, म्हणून हा नियम इतका कडक.

वडिलांबद्दल. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांचं प्रमाण तरुणांपेक्षा जास्त असतं. याचा अर्थ देतच नाहीत असा नाही, पण आधी डॉक्टरांनी तपासून लिहून द्यावं लागतं. रक्तदाबाच्या गोळीमुळे सहसा अडत नाही. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, थायमस ग्रंथीचा विकार, केमोथेरपी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं यापैकी काही असेल तर अडतं. लस न घेता सवलतपत्रावर जायचा विचार असेल तर परतीच्या वेळी त्या पत्रावर काय होईल हे विमानतळाच्या आरोग्य कार्यालयाला आधीच लेखी विचारा. गृहीत धरू नका.

मलेरिया तिथे वर्षभर असतो. गोळ्या कोणत्या घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतील. काही निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतात आणि परत आल्यावरही काही दिवस ते चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात. घरी पोचल्यावर बंद करणं ही नेहमीची चूक. सरोवराच्या पाण्यात पाय सोडून बसू नका, बिलहार्झियाचे जंत त्वचेतून आत शिरतात.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. निघायच्या आठवड्यात सर्दी-खोकला झाला तर चिंपांझींजवळ जाऊ नका, पैसे बुडाले तरी. २०१३ मध्ये युगांडातल्याच किबाले जंगलात ५६ चिंपांझींच्या एका टोळीत माणसाच्या साध्या सर्दीचा विषाणू शिरला आणि पाच चिंपांझी दगावले. आपल्याला दोन दिवस नाक गळण्यापलीकडे ज्याचं काही वाटत नाही, ते त्यांच्या फुप्फुसात उतरतं. मास्क सोबत ठेवा, सांगितलं नाही तरी लावा. जळगावची केळी, शेंगदाणे, लाडू, काहीही प्रेमाने दाखवू नका, टाकू नका. त्यांचं खाणं मोजून दिलेलं असतं.

गोमाई (शहादा)

लेन्सपुरतं लिहितो. १५०-६०० नको. दोन किलोचं धूड, केबिन बॅगेची मर्यादा बहुतेक ठिकाणी सात किलो, आणि चौथऱ्यावर शेजारी उभ्या माणसांत ट्रायपॉड पसरता येत नाही. ७०-३०० वर भागेल. फक्त ३०० ला उघड्या एफ ५.६ वर त्या लेन्स थोड्या मऊ पडतात, फोटो पुरेसा स्पष्ट येत नाही, म्हणून एफ ८ वर ठेवा (आकडा मोठा म्हणजे छिद्र लहान).

अनेर (चोपडा)

गोमाई दादांच्या लेन्सच्या सल्ल्याशी सहमत, एफ ८ शी नाही. सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचे फोटो इथेच वाया जातात.

आधी अंतराचा हिशोब. क्रॉप सेन्सरची उंची साधारण १५.५ मिलिमीटर. ३०० मिमी लेन्सने २० मीटरवरचा साधारण एक मीटर उंचीचा पट्टा आडव्या फ्रेममध्ये मावतो. बसलेला मोठा चिंपांझी ८०-९० सेंटिमीटर. म्हणजे तो फ्रेम जवळजवळ भरतो. १० मीटरवर आला तर अर्धा मीटर मावतो, म्हणजे डोकं आणि खांदे. ६०० मिमी घेऊन गेलात तर दोघांमधली देवाणघेवाण, हात पसरून खाणं मागणं, पाठीवरचं पोर, हे सगळं फ्रेमबाहेर जाईल. ७०-३०० हीच योग्य लेन्स आहे, नाइलाजाची नाही.

आता तार. तार गायब व्हायची तर लेन्सचं उघडं छिद्र तारेपेक्षा खूप मोठं हवं, तार जवळ हवी आणि चिंपांझी तारेपासून लांब हवा. ३०० मिमीला एफ ५.६ म्हणजे ५४ मिलिमीटरचं छिद्र. दोन मिलिमीटरची तार तुमच्यापासून दोन मीटरवर आणि चिंपांझी वीस मीटरवर असेल, तर ती तार चिंपांझीच्या ठिकाणी जवळपास अर्ध्या मीटरभर पसरते आणि डोळ्याला दिसेनाशी होते. एफ ८ ला छिद्र ३७ मिलिमीटरवर येतं, तेही चालतं, पण एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड जातो आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) दुप्पट होतो. एफ १६ वर मात्र तार रेघ म्हणून उमटते. सगळ्यात वाईट स्थिती म्हणजे तुम्ही तारेपासून दहा मीटर मागे आणि चिंपांझी तारेला खेटून बसलेला. तेव्हा कुठलंही छिद्र तार लपवत नाही. अशा वेळी धडपड सोडा, तार फ्रेममध्ये सरळ आडवी येऊ द्या, तीच त्या जागेची खरी गोष्ट आहे. चौथरा उंच असल्यामुळे बरेच फोटो तारेच्या वरून मिळतात.

तारेवर थेट ऊन पडलं असेल तर पुसट झालेली तारसुद्धा पांढुरका धुरळा टाकते आणि काळे केस राखाडी दिसतात. दोन पावलं सरकून सावलीतल्या तारेचा भाग शोधा. हुड लावाच. आणि हुड तारेला टेकवायचा मोह नको, ती जिवंत तार आहे.

एक्स्पोजर. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे दिसेल त्याला मधला राखाडी समजतो. यातून दोन उलट चुका होतात आणि लोक दोन्हींवर एकच उपाय करतात.

चिंपांझीने फ्रेम भरली असेल तर मीटर काळ्याला राखाडी करायला जातो. फोटो फिका, केसांची चमक गेलेली. इथे कॉम्पेन्सेशन (मीटरने धरलेला उजेड आपण कमी-जास्त करणं) उणे दोन-तृतीयांश.

चिंपांझी फांदीवर किंवा उंचवट्यावर असेल आणि मागे आभाळ किंवा चकाकतं पाणी असेल, तर मीटर आभाळ सांभाळतो आणि चेहरा काळा ठिपका होतो. इथे अधिक एक ते अधिक एक आणि दोन-तृतीयांश. आभाळ पांढरं पडेल, पडू द्या.

मागे उन्हातलं हिरवं गवत असेल तर शून्यावर ठेवा.

रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. पण 'नंतर सावल्या उचलू' या भरवशावर कमी एक्स्पोज करू नका. क्रॉप सेन्सरवर काळे केस दोन स्टॉप उचलले की त्यात जांभळट कण उठतात आणि ते केस राहत नाहीत, चिखल होतो.

आकडे असे ठेवा. उघड्या उन्हात एफ ५.६, १/१००० सेकंद, आयएसओ २००. ढगाळ असेल तर तेच सेकंद, आयएसओ ८०० च्या आसपास. झाडांच्या कडेच्या सावलीत १/१००० धरलं तर आयएसओ ३२०० ते ६४०० वर जातं, म्हणून बसलेल्या चिंपांझीला १/२५० पुरे, आयएसओ ८०० ते १६००, स्टॅबिलायझेशन चालू. फेकलेलं फळ झेलतानाचा हात थांबवायचा तर १/१००० च्या खाली जाऊ नका. मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ, आणि अंगठा कॉम्पेन्सेशनच्या चाकावर. एवढीच जुळवाजुळव.

फोकसची खोली ३०० मिमी, एफ ५.६ ला वीस मीटरवर साधारण एक मीटर, पण दहा मीटरवर पाव मीटर. चेहरा समोरून असेल तर पाव मीटर पुरतं. बाजूने बसलेल्या दोघांपैकी एकच स्पष्ट येईल, कोणता ते आधी ठरवा. प्राण्याचा डोळा ओळखणारी यंत्रणा चिंपांझीवर बरेचदा चुकते, कारण डोळा कपाळाच्या उंचवट्याखाली खोल आणि काळ्यात काळा. ती नाकपुडी किंवा पुढे केलेला हात पकडते. माणसाचा चेहरा ओळखणारा पर्याय असेल तर तो एकदा लावून बघा, नाहीतर एकच बिंदू भुवईच्या हाडावर.

वाघूर (जळगाव)

अनेर दादा, हिशोब वाचून डोक्यात लख्ख उजेड पडला. पण अकरा आणि अडीच म्हणजे दोन्ही वेळा डोक्यावरचं ऊन. डोळे कपाळाच्या सावलीतच राहतील ना? फ्लॅशही चालणार नाही. आणि इथे सराव कशावर करू?

अनेर (चोपडा)

फ्लॅश अजिबात नाही. उन्हाचं मात्र तुम्ही म्हणता तितकं वाईट नाही. एंटेबीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, आणि तिथला खरा मध्यान्ह बाराला नाही, एकला दहा कमी असताना होतो. म्हणून अकरा आणि अडीच हे मध्यान्हाच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्याच अंतरावर येतात. जानेवारीत दोन्ही वेळी सूर्य साधारण ५५ अंशांवर असतो. आपल्याकडच्या एप्रिलच्या दुपारएवढा उभा नाही. फरक एवढाच की सकाळी ऊन पूर्वेकडून आणि दुपारी पश्चिमेकडून येईल. मुक्कामाचा हाही फायदा: दोनपैकी एका वेळेला तरी उजेड तुमच्या पाठीशी असण्याची शक्यता राहते.

डोळ्यात उजेड येतो तो एका ठरावीक क्षणी. सांभाळणारे चौथऱ्यावरून फळं फेकतात तेव्हा चिंपांझी मान वर करतात. कपाळाची सावली वर सरकते, आभाळ बुबुळात दिसतं आणि तपकिरी डोळा उघडतो. सगळे जण फळाच्या मागे लेन्स फिरवतात. तुम्ही एका चेहऱ्यावर थांबा आणि फेकणाऱ्याचा हात दुसऱ्या डोळ्याने बघा. हात मागे गेला की बोट दाबायला तयार. तीन-चार फोटोंची झड पुरे. लांब झड मारली तर बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरतो आणि पुढचा क्षण कॅमेरा लिहीत बसतो.

पहिली धांदल ओसरल्यावर जाऊ नका. तेव्हा फळाचा चोथा खालच्या ओठात साठवून, ओठ पुढे काढून, त्याकडे नाकावरून बघत चोखत बसलेला चिंपांझी दिसतो. खालचा ओठ खोलगट वाटीसारखा होतो, त्यात चोथ्याची ओली गोळी, आणि नजर खाली तिच्यावर. असे फोटो फेकाफेकीत मिळत नाहीत.

सरावाला दोन गोष्टी आपल्याच दारात आहेत. पाटणादेवीची काळतोंडी वानरं: अंग चंदेरी, तोंड काळं. मीटर अंग सांभाळतो आणि तोंड बुडवतो. तिथे अधिक एक लावून तोंडातला डोळा वेगळा दिसेपर्यंत सराव करा. खायला न घालता, लांबून.

दुसरी म्हणजे म्हैस. चेष्टा नाही करत. निंबाच्या सावलीत बसलेली काळी म्हैस, पानांतून पडणारे उन्हाचे कवडसे, अंगावरची चमक: चिंपांझीच्या केसांचं एक्स्पोजर शिकायला यापेक्षा जवळचं काही नाही. मालकाला विचारा, मळ्याच्या तारकुंपणापासून दोन मीटरवर उभे राहा, म्हैस वीस मीटरवर. एफ ५.६, ८, ११, १६ असे चार फोटो घ्या. तार कुठे दिसू लागते ते तुमच्याच लेन्सवर कळेल. पंधरा मिनिटांचं काम आहे.

तापीकाठ (भुसावळ)

सामान आणि प्रवासाबद्दल राहिलेलं.

कॅमोफ्लाज कपडे, टोपी, लेन्सचं कव्हर, काहीही नेऊ नका. युगांडात सैनिकी नक्षीचे कपडे सामान्य माणसाने घालणं बेकायदा आहे. आपल्याकडे जंगलात जाणारे हौसेने तेच घालतात. साधा खाकी किंवा मातकट रंग. ड्रोनही घरी. लष्कराच्या आणि विमान खात्याच्या परवानगीशिवाय ते विमानतळावरच अडकतं.

मुंबई विमानतळावर निघताना कस्टमकडून कॅमेरा आणि लेन्सच्या सिरियल नंबरचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, नाहीतर परतताना 'तिकडून आणलं का' या प्रश्नाला उत्तर नसतं. बॅटऱ्या केबिन बॅगेत. पॉवर बँक १०० वॉट-तासांच्या आतली असावी. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. तिथले प्लग तीन चौकोनी पिनांचे, आपले बसत नाहीत, अ‍ॅडॉप्टर इथूनच न्या. बेटावर वीज जपून वापरायची म्हणून बॅटऱ्या एंटेबीतच भरून घ्या.

व्हिसा ऑनलाइन, एका प्रवेशाचा ५० डॉलर. नोटा २००९ नंतरच्या आणि न फाटलेल्या न्या, जुन्या नोटा तिथे घेत नाहीत.

बोटीत पाण्याचे तुषार अंगावर येतात, दुपारी वारा असला तर जास्तच. कॅमेरा जाड पिशवीत गुंडाळून बंद बॅगेत, आणि बेटावर उतरेपर्यंत बाहेर नाही. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नका, वडिलांचं बकल स्वतः तपासा. वाटेत विषुववृत्त ओलांडलं जातं, तिथे फोन काढा, कॅमेरा नको. एसी खोलीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर वाफ धरते, आपल्या कोरड्या हवेत ही सवय नसते. बॅग बंदच ठेवून वीस-पंचवीस मिनिटं बाहेर थांबा.

जानेवारी तिथे त्यातल्या त्यात कोरडा. मोठा पाऊस मार्च ते मे आणि पुढे सप्टेंबर-ऑक्टोबर ते नोव्हेंबर. आपल्याकडची अडचण वेगळीच: जानेवारीत उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या धुक्यामुळे तासन् तास उशिरा भुसावळला पोचतात. ज्या रात्री विमान, त्या दिवशीच्या गाडीवर विसंबू नका. एक दिवस आधी मुंबई गाठा.

पांझरा (धुळे)

फोटो टाकताना काय लिहायचं यावरही बोलायला हवं, कारण चुकीची ओळ चांगल्या फोटोचं नुकसान करते.

दोन्ही ओठ मागे ताणून वरचे-खालचे दात दाखवणारा चिंपांझी हसत नसतो, तो घाबरलेला असतो. त्याखाली 'हसरा' लिहू नका. खेळतानाचं तोंड वेगळं: सैल उघडलेलं, खालचे दात दिसतात, वरचे ओठाने झाकलेले. खांद्यावरचे केस उभे राहिले, अंग डुलायला लागलं, ओठ पुढे काढून 'हू-हू' चढत गेलं, की मोठा नर धावणार हे ओळखा. फांद्या ओढेल, कधी दगड किंवा शेण भिरकावेल. तेव्हा आधी लेन्स सांभाळा, ७० मिमीवर आणा आणि मागे सरका. टाळ्या वाजवणं, हात पसरणं ही खाणं मागण्याची खूण. फिक्या चेहऱ्याचं आणि ढुंगणावर पांढरा केसांचा झुबका असलेलं पोर म्हणजे लहान. मोठ्यांचे चेहरे काळवंडतात, काहींना टक्कल पडतं.

फ्रेममध्ये माणूस नको. २०११ च्या एका अभ्यासात लोकांना चिंपांझीचा एकच फोटो दोन प्रकारे दाखवला, शेजारी माणूस असलेला आणि नसलेला. माणूस असलेला फोटो पाहिलेल्यांना जंगलातले चिंपांझी सुखरूप आहेत असं वाटण्याची शक्यता ३५.५ टक्क्यांनी जास्त निघाली, आणि हा पाळायला छान असं वाटण्याची ३०.३ टक्क्यांनी. प्रत्यक्षात ते संकटग्रस्त यादीत आहेत. म्हणूनच आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या) तज्ज्ञांनी २०२१ मध्ये माकड-वानरांच्या फोटोंबद्दल सूचना काढल्या. त्यांचा गाभा हाच: कडेवर घेतलेले, भरवतानाचे, सेल्फीतले फोटो पसरवू नका. संध्याकाळी निवाऱ्यात जाळीमागे, हॅमॉकवर निजणाऱ्यांचे फोटो काढायचे तर आधी विचारा, आणि टाकताना जाळी का आहे ते एका वाक्यात लिहा. नाहीतर बघणारा पिंजरा समजतो.

गोमाई (शहादा)

अनेर भाऊंचा तारेचा हिशोब पटला, एफ ८ चा आग्रह सोडला. तार मध्ये नसेल तेव्हा एफ ६.३ किंवा ७.१ ठेवा, फोटो स्पष्ट येतो आणि उजेडही फारसा जात नाही.

खाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. वडील शाकाहारी असतील तर बेटाची नोंदणी करतानाच कळवा. सगळं सामान बोटीनेच येतं, आयत्या वेळी काही होत नाही. मटोके म्हणजे उकडून कुस्करलेली हिरवी केळी, पोशो म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत राजमा किंवा शेंगदाण्याची पातळ आमटी: आपल्या माणसाला अनोळखी वाटत नाही. चपाती तिथेही चपातीच. भाकरी-ठेचा बांधून न्यायचा तर एंटेबीत खाऊन संपवा, बेटावर उघड्यावर काढू नका.

वाघूर (जळगाव)

सगळ्यांचे आभार. बेटावर एक रात्र आणि मुंबईलाच लस, हे ठरलं. पांझरा ताई, वडिलांची तपासणी या आठवड्यात करून घेतो. विमान १० जानेवारीचं धरलं तर लस उशिरात उशिरा कधी?

पांझरा (धुळे)

नियमाने ३० डिसेंबर, पण तेवढं ताणू नका. नाताळच्या सुट्यांत केंद्रांचे वार बदलतात. शिवाय वडिलांना टोचल्यावर ताप, अंगदुखी आली तर ती घरी असताना यावी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिघांची एकत्र नोंदणी करा. महिनाभरात दुसरी एखादी जिवंत लस घेतली असेल तर केंद्रावर आधी सांगा. दोन जिवंत लसी एकाच दिवशी तरी घेतात, नाहीतर त्यांत चार आठवड्यांचं अंतर ठेवतात. कार्डावर शिक्का, तारीख, सही आणि पासपोर्ट नंबर खिडकीवरून हलण्याआधी तपासा. एक आकडा चुकला तरी दुरुस्तीसाठी पुन्हा तिथेच जावं लागतं.